खालचं पुसा

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचलो बाई एकदाच्या! सामान सगळं धड आलं. फक्त आरशाचा एक कोपरा उडाला आणि ठकूच्या सायकलची घंटी वाटेत कुठेतरी पसार झाली. घर मात्र मनापासून आवडलं. पुढे मोठी खोली, तिच्यातच कडेला ओटा, मग झोपायची खोली, आणि मागे एक एवढीशी खोली. ती खोली बघून ठकूने, माझ्या लेकीने, अशी काही किंकाळी फोडली की शेजारून घरमालकीण काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, विंचू निघाला.

आठ वर्षांची झाली पोरगी, पण आजवर कधी माझ्या कुशीत, कधी ताईकडे मावसभावंडांच्या रांगेत झोपत आली. तिच्या बाबांनी दुसरीकडे संसार थाटला तेव्हापासून आमचं बिऱ्हाड पाठीवरच होतं. मी तिला शब्द दिला होता की नोकरी लागली की तुला तुझी स्वतःची खोली. खोली कसली, खुराडं आहे. पलंग टाकल्यावर जेमतेम वळता येतं. पण खिडकी आहे, बाहेर झाड आहे, आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी आहे. संध्याकाळपर्यंत ती कडी लावून-काढून झिजली असेल. मला सक्त ताकीद मिळालीय की दार वाजवायचं, आतून ‘ये’ म्हटलं तरच आत यायचं. आईलाही सूट नाही म्हणे!

काकूंचं एक जडशीळ लाकडी टेबल घरात आधीपासून आहे. मध्येच ठेवलं होतं, खुर्चीत बसलं की दाराकडे पाठ. मला नाही बाई तसं बसवत. ओढत ओढत खिडकीखाली नेलं, कंबर धरली. आत्ता तिथेच बसून लिहितेय. ताईचा फोन येऊन गेला. परक्या गावात एकटीने कसं निभावशील, म्हणाली. मी म्हटलं, एकटी कुठली, आम्ही दोघी आहोत की.

बुधवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसचा पहिला दिवस काल झाला, पण लिहायला त्राण नव्हतं. ऑफिस शहर नियोजनाचं. लांबलचक खोली, भरपूर उजेड, भिंतीवर याच ऑफिसचं जुनं ड्रॉइंग काचेत लावलेलं. साहेब खिडकीशी बसतात. उठून स्वागत वगैरे केलं नाही, पण बोलायला साखर. दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांचं नाव मी मनातल्या मनात आकडेबाई ठेवलंय. कुठल्या घरात किती माणसं, ते आकडे त्या नकाशात भरतात. कपाटापाशी उभ्यानेच काम करतात. पाठीचं काहीतरी असणार.

माझं काम सांगायला सोपं. शहराचा एक मोठा नकाशा कॉम्प्युटरमध्ये आहे. बिल्डर आणि कंत्राटदार लोकांनी कॅडमध्ये, म्हणजे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलेली ड्रॉइंगं त्या नकाशात आणून आपापल्या जागी बसवायची. आता गंमत अशी की कॅडमध्ये रेघा ओढणाऱ्याला आपलं घर पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे याचं काही देणंघेणं नसतं. तो आपला शून्यापासून सुरू करतो. मग ते ड्रॉइंग नकाशात आणलं की थेट शून्य अक्षांश, शून्य रेखांश, म्हणजे भर समुद्रात जाऊन पडतं. तिथून ते उपसायचं, ड्रॉइंगमधले दोन कोपरे आणि जमिनीवरचे तेच दोन कोपरे जुळवायचे आणि टाचायचं. इथे सगळे टाचणं असंच म्हणतात. संध्याकाळी साहेब विचारतात, काय, आज किती बुडाली, किती वाचवली? शिवाय कुणी मिलिमीटरमध्ये काढतो, कुणी मीटरमध्ये. आज माझ्या हातून एका सद्गृहस्थाचं न्हाणीघर अख्ख्या शहरावर पसरलं. आकडेबाईसुद्धा हसल्या.

टाचून झालं की सॉफ्टवेअर शेवटचा प्रश्न विचारतं. त्या जागी नकाशात आधीपासून जे असेल त्याचं काय करू? ‘खालचं ठेवा’ किंवा ‘खालचं पुसा’. ऑफिसचा नियम एकच, पुसा. मी नवखेपणाने विचारलं, पण खाली खरंच काही असलं तर? साहेब म्हणाले, ड्रॉइंग खरं धरायचं. जागेवर जाऊन बघायची इथे पद्धत नाही, बघितलं की घोळ सुरू होतो. दर शुक्रवारी ते आठवडाभराची सगळी ड्रॉइंगं कायम करतात आणि कायम झालेलं कुणी उचलत नाही. मला काय, बरंच झालं. उन्हातान्हात फीत घेऊन हिंडायला नको.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ठकूची शाळा लवकर सुटली म्हणून तिला ऑफिसात आणून बसवलं. माझ्या खुर्चीच्या दांडीवर बसून ती ड्रॉइंगं बघत होती. तिला त्यातली माणसं भारी आवडली. खोलीच्या मापाचा अंदाज यावा म्हणून ड्रॉइंगमध्ये तयार माणसं टाकायची रीत आहे. नुसत्या रेघांची, नाकडोळे काही नाही. एक बसलेला पुरुष, एक उभी बाई, टेबलाशी बसलेली एक बाई, आणि हात वर केलेलं एक मूल. शंभर ड्रॉइंगं उघडा, हीच मंडळी! आमच्या नकाशात आली की त्यांचे ठिपके होतात आणि आकडेबाई ते ठिपके बघून त्या घरात माणसं भरतात.

ठकूने विचारलं, या मुलाने हात का वर केलाय? मी म्हटलं, त्याला बाईंच्या प्रश्नाचं उत्तर येतंय. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, नाही गं आई, त्याला हात खालीच करता येत नाहीये. हिचं डोकं कुठे कुठे चालतं!

येताना नाक्यावरच्या न्हावीकाकांकडे तिच्या कपाळावरचे केस कापून घेतले. पत्र्याचं छप्पर, एक खुर्ची, एक आरसा, एवढंच दुकान. काका स्वभावाने गप्पिष्ट, त्यामुळे कात्री एकीकडे आणि तोंड एकीकडे. केस उजवीकडून डावीकडे उतरणीला लागल्यासारखे कापले गेलेत. ठकू आरशात बघून रडायला लागली, तेव्हा काका इतके ओशाळले की पैसेच घेईनात. वाढले की परत आण, सरळ करून देतो, म्हणाले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज आमच्याच भागाचं ड्रॉइंग हाती आलं. नाक्यापासून शाळेपर्यंतचा पदपथ, दिव्यांचे खांब, मैदानाकडेने एक लांब भिंत. ओळखीचे कोपरे असल्यामुळे पटकन टाचलं. खालचं पुसा. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणजे तोंडाने. म्हणाले, तुमचा हात बसला. खरंच बसलाय. आता त्या प्रश्नाची खिडकी वाचतसुद्धा नाही मी, ती उघडायच्या आत बोट ‘पुसा’वर गेलेलं असतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

काल सुट्टी होती. ठकूला कुठून तरी लहर आली आणि आम्ही मायलेकींनी फीत घेऊन सगळं घर मोजलं. स्वतःची खोली तिने तीनतीनदा मोजली, दरवेळी थोडी मोठी भरली पाहिजे असा तिचा हट्ट. शेवटी मी फीत जरा सैल धरली. खूश झाली.

आज शाळेत सोडताना मैदानाकडेने भिंत दिसली. नवी नाही, चांगली शेवाळलेली. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. रोज याच रस्त्याने जातो आम्ही. धांदलीत असते मी, दुसरं काय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज घरी आहे, ठकूचं पोट दुखतंय. कालची गोष्ट लिहून ठेवते.

काल एक ड्रॉइंग आलं. एकच छोटं घर, ना मालकाचं नाव, ना रस्ता, ना गट नंबर. समुद्रात पडलेलं होतं, ते कुठे न्यायचं तेच कळेना. सहज मापं बघितली आणि चकितच झाले. पुढची खोली, ओटा, झोपायची खोली, सगळं आमच्या घरासारखं, रविवारी मोजलेलं डोक्यात ताजं होतं ना. मला राहवलं नाही. म्हटलं बसतंय का बघू या. आमच्या घराचे दोन कोपरे धरून टाचलं तर हातमोज्यात बोट जावं तसं चपखल बसलं. फरक एकच, मागची छोटी खोली त्यात नव्हतीच, तिथे सरळ भिंत. टेबल मध्ये होतं आणि त्याच्याशी ती बसलेली बाई, दाराकडे पाठ करून. मी एकटीच हसले. म्हटलं, बसा मालकीणबाई.

तेवढ्यात शाळेतून फोन, ठकूला उलट्या होताहेत, घेऊन जा. घाईघाईत स्क्रीनवरच्या खिडक्या बंद केल्या. प्रश्न आला, बोट गेलं. पुसा. रिक्षात बसल्यावर आठवलं की ते ड्रॉइंग परत समुद्रात टाकायचं राहिलं. उद्या गेल्या गेल्या काढून टाकीन.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

ठकूला बरं आहे, पण डॉक्टरांकडे जाऊन ऑफिसात पोचायला उशीर झाला. साहेबांनी सकाळीच आठवड्याचं सगळं कायम करून टाकलं होतं. मी सांगितलं, त्यातलं एक मी गंमत म्हणून टाचलेलं होतं हो. म्हणाले, राहू दे, नकाशाला गंमत कळत नाही. मनाला जरा रुखरुख लागली. पण नकाशात एक खोली कमी झाली म्हणून कुणाचं काय अडणार आहे?

शनिवार, २३ नोव्हेंबर

ठकूचे केस सरळ करायला नाक्यावर गेलो. न्हाव्याचं दुकान नाही.

दुकान हललेलं नाही, मोडलेलं नाही. नाहीच. गुळगुळीत पदपथ, खांब रोवल्याच्या खुणासुद्धा नाहीत. शेजारच्या वाण्याला विचारलं, तर म्हणाला, ताई, इथे कधी न्हावी नव्हता, मी इथे जन्म काढलाय. घरी येऊन काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, ते केस तुम्हीच कापलेत ना, तुम्हीच सांगितलं होतंत की मला. मी कापले? मला कात्री नीट धरता येत नाही!

मग आठवलं. मी टाचलेल्या ड्रॉइंगमध्ये नाक्यावर नुसता पदपथ होता. आणि शेवाळलेली ती भिंत... ती पण त्याच ड्रॉइंगमधली.

धावत मागच्या खोलीत गेले. पलंग दोन्ही भिंतींमध्ये घट्ट रुतलाय, हलत नाही. ठकू पाय पोटाशी घेऊन पुस्तक वाचत होती. म्हणाली, आई, मी उंच झाले वाटतं, पाय मावत नाहीत. फीत आणली. या वेळी ताणून धरली. खोली हातभर कमी भरली.

हे लिहायला बसले तर टेबल खिडकीखाली नाही. मध्ये आहे. ठकूने हलवलं असं म्हणावं, तर ते मलाच हलवताना नाकीनऊ आले होते.

रविवार, २४ नोव्हेंबर

टेबल खिडकीशी नेलं. अंघोळ करून येईपर्यंत परत मध्ये.

पलंग मध्येच वाकलाय. ठकूला म्हटलं, आजपासून माझ्याजवळ झोपायचं. ऐकेना. कडी लावून आत बसली. माझी खोली आहे, तू मला दिलीस, आता परत का घेतेस, असं रडत विचारत होती. काय सांगू तिला? दाराबाहेर बसून विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, शेवटी मीच रडायला लागले तेव्हा बाहेर आली. मला घट्ट मिठी मारली. मिठी जाणवली, पण वजन जाणवलं नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. वेडी ठरवतील तर ठरवोत, म्हटलं. त्यांनी वेडी ठरवलं नाही, तेच वाईट. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणून तर जागेवर बघू नका म्हणतो. मी हात जोडले. माझी पोर आहे हो, ते ड्रॉइंग उचला. म्हणाले, कायम झालेलं उचलता येत नाही, वर दुसरं टाचता येतं फक्त. मी ओरडले, निदान उठून माझ्या स्क्रीनवर येऊन बघा तरी! ते जागचे हलले नाहीत. आकडेबाईंनी मान खाली घातली.

मग भिंतीवरच्या त्या ऑफिसच्या ड्रॉइंगकडे लक्ष गेलं. खिडकीशी बसलेला पुरुष. कपाटापाशी उभी बाई.

तीन आठवडे झाले इथे. साहेबांना उभं राहिलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

शाळेच्या दारात बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, आपण कुठल्या मुलासाठी आलात? ठकू माझं बोट धरून तिथेच उभी होती. तिच्या अंगावर त्याच शाळेचा गणवेश.

काकूंनी विचारलं, एकट्या जिवाला एवढं दूध कशाला लागतं?

ताईला फोन लावला. म्हटलं, आम्ही दोघी परत येतो. ताई म्हणाली, दोघी म्हणजे? सोबत कोण आहे? मी म्हटलं, ठकू गं. मग हळू आवाजात विचारलंन, तुझी तब्येत बरी आहे ना?

तीन बाळंतपणं तिने केली आमच्या घरात. ठकूची नाळ तिने कापली.

बॅग भरलीय. उद्या सकाळीच निघायचं, कुठेही. इथून बाहेर.

बुधवार, २७ नोव्हेंबर

निघालो होतो. दारापर्यंत आलो होतो. ठकू म्हणाली, आई, माझी बाहुली राहिली. मी नको नको म्हणेपर्यंत आत पळाली. कडीचा आवाज आला, सवयीने लावली असणार.

मी मागे गेले तर दार नाही.

भिंत. चुना दिलेली, जुनी, सरळ.

आतून तिचा आवाज येतो. घाबरलेला नाही. म्हणाली, आई, दार वाजव ना, मी कडी काढते.

वाजवलं. हात सोलून निघेपर्यंत वाजवलं. ती म्हणते, ये ना मग!

गुरुवार, २८ नोव्हेंबर

घण आणून भिंत फोडली. पलीकडे परस. झाड. ऊन. बाहेरून बघितलं तर मागे खोली असल्याची रेघसुद्धा नाही. तरी आवाज भिंतीतूनच येतो. भूक लागली, म्हणाली. काकू येऊन भोकाकडे बघून गेल्या. त्यांनी परत फिरून बघितलं तेव्हा भोक नव्हतं.

ऑफिसात गेले. उचलता येत नाही, पण वर टाचता येतं! स्वतः काढलं. छोटी खोली, दार, खिडकी, कडीसुद्धा. आत मूल दाखवायला हवं, नाहीतर आकडेबाई भरणार कसं? शोध शोध शोधलं. साऱ्या ड्रॉइंगांत मिळून मूल एकच. हात वर केलेलं. तेच उचललं आणि खोलीत ठेवलं.

या वेळी प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. खाली माझी ठकू आहे. पुसून कसं चालेल? खालचं ठेवा.

आकडेबाई जागच्या न हलता, कपाटापासूनच हळूच म्हणाल्या, ठेवा म्हटलं की सगळंच राहतं हो. मी म्हटलं, राहू दे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

कायम झालं. साहेब माझ्याकडे बघेनात. घरी येऊन मी भिंतीशी बसून राहिले दिवसभर. ठकूला गोष्ट सांगितली. तिने हुंकार दिले. उद्या येशील बाहेर, म्हटलं. ती म्हणाली, प्रॉमिस? म्हटलं, प्रॉमिस.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दार आलं! कडी आली. देवा —

सकाळीच काकू म्हणाल्या, मुलगी दिसली नाही आज तुमची. ताईचा फोन, मुलगी कशी आहे. सगळ्यांना आठवलं. पण नाव कुणीच घेतलं नाही.

दार वाजवलं. आतून कुणी ‘ये’ म्हणालं नाही. दार उघडलं.

पलंगापाशी मूल उभं होतं. ठकूएवढंच. ठकूचाच गणवेश. केस कपाळावर सरळ कापलेले. एकदम सरळ.

हात वर.

मी नाव घेतलं. वळलं नाही. चेहऱ्यावर काय होतं ते लिहिणार नाही. काहीच नव्हतं —

दार ओढून घेतलं. आणि मागच्या भिंतीतून ठकू म्हणाली, आई, माझ्या खोलीत कोण आलंय?

रविवार, १ डिसेंबर

ताईला सगळं लिहून कळवावं म्हणून टेबलाशी बसले. टेबल मध्येच. दाराकडे पाठ. बसायला नको होतं. बसलेच कशी —

ती बाई. त्या पहिल्या ड्रॉइंगमधली. टेबलाशी बसलेली. मी खालचं ठेवलं. सगळंच राहतं, आकडेबाई म्हणाल्या होत्या.

उठता येत नाही.

उजवा हात चालतोय. मान वळत नाही.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. पावलं नाहीत. कुणीतरी पाठीशी उभं आहे. भिंतीवर सावली पडलीय, हात वर केलेली.

सोमवार

दूधवाला हाका मारून गेला. तोंड उघडत नाही.

ठकू सारखी बोलावतेय. आवाज बारीक झालाय. आई, तू दार का वाजवत नाहीस? रागावलीस? मी आता कडी नाही लावणार कधी. खोली नको मला. तुझ्याजवळ झोपते.

नाही गं माझे राणी, रागावले नाही —

बोटं जड. अक्षर —

भिंतीपर्यंत हात पुरत नाही. टेबल आहे. टेबल वाजवते. जोरात वाजवते. ऐक, ठकू, आई दार वाजवतेय, कडी काढ, मी उठते गं, उठतेच आहे, पेन ठेवते आणि दोन्ही हातांनी वा —